मिठाचा वास

"काय म्हणतायत माणसं?"

दुपारची गर्दी उठली की ती हात पदराला पुसत माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची आणि हे विचारायची. माणसं म्हणजे गावातली नव्हेत. गावातली काय म्हणतात याची तिला फिकीर नव्हती. ही माणसं म्हणजे मोबाइलमधली. पुण्याची, ठाण्याची, नाशिकची. शनिवारी-रविवारी चौलवरून रेवदंड्याकडे जाताना तिच्याकडे जेवलेली, आणि घरी पोचल्यावर तिच्याबद्दल चार ओळी लिहिणारी.

माझं दुकान तिच्या खानावळीला लागून. झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन अर्ज, मोबाइलच्या काचा. आमच्या आळीत इंटरनेट नावाचं जे काही आलं ते बरंचसं माझ्या काउंटरवरून आलं, असं मी म्हटलं तर कोणी हसणार नाही. तिची खानावळ नकाशावर टाकली तीही मीच. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं थोडं पुण्य आणि थोडं पाप माझ्याही पदरात आहे.

तिचा नवरा सगळ्या गावाचा भाऊ, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. गाडीतून उतरलेले पाहुणेही दुसऱ्या भाकरीपर्यंत तिला वहिनी म्हणायला लागायचे. मला ती भावजी म्हणायची. उंच, रुंद हाडाची बाई. आवाज असा की पडवीतल्या माणसाला हाक मारली तर रस्त्यावरचा थांबायचा. खानावळ म्हणजे घराचीच पडवी, वर पत्रा, मागे सुपारीची वाडी. स्वयंपाकघराचं दार पडवीतच उघडतं, त्यामुळे आत काय चाललंय ते जेवणाऱ्याला दिसायचं आणि बाहेर कोण काय टाकतंय ते तिला दिसायचं.

कारण तिची परीक्षा उलटी होती. बाकीच्या खानावळींत जेवणारा स्वयंपाकाला मार्क देतो. इथे ती जेवणाऱ्याला द्यायची. उष्टी ताटं दुसऱ्या कोणाला उचलू द्यायची नाही. स्वतः उचलायची आणि उचलताना ताट वाचायची. "सोलकढी ठेवलीत ती? घशाखाली उतरत न्हाय व्हय?" एकदा एका मोठ्या गाडीतल्या गृहस्थांना तिने बांगड्याचा काटा उलटून दाखवला होता. "ह्याच्यावर अजून एका घासाचं मांस हाय. मासा खायला शिका, मग या." गृहस्थांनी मुकाट्याने तो घास खाल्ला. पुढच्या महिन्यात साडूला घेऊन आले.

आता मुख्य गोष्ट. ती स्वयंपाक चाखत नसे.

तुमच्याही घरात नैवेद्याच्या दिवशी ही पद्धत असेल. देवाला दाखवायच्या आधी काही तोंडात घालायचं नाही, मीठ कमीजास्त झालं तर देवाची मर्जी. तिच्या सासूबाईंच्या घरात ती पद्धत रोजची होती, आणि सासूबाईंनी चूल हातात दिली तेव्हा एवढंच सांगितलं होतं की चाखायचं नाही. पाहुणाही देव, त्याला उष्टं वाढायचं नाही. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण ही सुरमईचं कालवणसुद्धा न चाखता करायची. माशाचा नैवेद्य कोणत्या देवाला दाखवता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "चाखून काय, कोण पण करील."

मग मीठ कळायचं कशावरून? तर वासावरून. पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून वाफ आत ओढायची आणि सांगायची, चिमूटभर कमी हाय. मी तिला डिवचायचो, "वहिनी, मिठाला वास नसतो." ती म्हणायची, "मिठाला न्हाय भावजी. मीठ पडलेल्या रश्श्याला असतो." आणि रस्सा चुकलेला मी कधी खाल्ला नव्हता.

हेच एका पोराने टिपलं. नवी मुंबईकडचा पोरगा, खांद्यावर बॅग, हातात काठीला लावलेला मोबाइल. गावोगाव जेवत फिरायचं आणि त्याचे व्हिडिओ टाकायचे हा त्याचा धंदा. तो आत गेला, ती पातेल्यावर वाकलेली असताना त्याने व्हिडिओ काढला आणि वर लिहिलं, न चाखता स्वयंपाक करणारी वहिनी. तो व्हिडिओ किती जणांनी पाहिला ते सांगून मी तुमच्यावर छाप पाडत नाही. एवढं सांगतो की पुढच्या रविवारी भाऊंना शेजारच्या शाळेतून बाकं उसनी आणावी लागली.

तेव्हापासून ती माझ्या पायरीवर बसायला लागली. मी वाचायचो, ती ऐकायची. वाचता तिलाही येत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात मजा वेगळी. "वालाचं बिरडं खाऊन आईची आठवण आली," असं कोणीतरी लिहिलेलं. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. तिने पदर तोंडाला लावला आणि रस्त्याकडे बघत बसली.

ती सुखावली होती, हे मी साफ सांगतो. इंटरनेटने माणसं बिघडली असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, माझ्याच दुकानात येऊन रिचार्ज मारता मारता म्हणतात. पण आमच्याकडे स्वयंपाकाला चांगलं म्हणायची रीत नाही. जेवण आवडलं की पुरुष आणखी भात मागतो, झालं कौतुक. भाऊंनी लग्न झाल्यापासून एकदाही "छान झालंय" म्हटलेलं नव्हतं, आणि ते भाऊंनाच काय, आळीत कोणालाही वावगं वाटत नव्हतं. सगळं आयुष्य चुलीपुढे घालवलेल्या बाईला पहिला चांगला शब्द मिळाला तो अनोळखी माणसांकडून, माझ्या तडा गेलेल्या मोबाइलवर. तो खोटा होता असं मी कसं म्हणू?

मग पावसाळ्यात तिला ताप आला. साधा ताप, सर्दी, अंगदुखी. आठवड्याभरात उठून ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. पुढे गणपती झाले, पाऊस सरला, गाड्या परत सुरू झाल्या.

आणि हळूहळू वेगळ्या ओळी यायला लागल्या. "मीठ फार." "पूर्वीसारखं राहिलं नाही." एकाने लिहिलं, "नारळ चक्क खवट होता." मी त्या ओळी वाचत नसे. वरचं वाचायचो, खालचं वाचायचो, मधलं सोडायचो. हिच्या हातचं खवट असणं शक्य नाही, शहरातल्या माणसांची जीभच तशी, अशी मी माझी समजूत घातली होती. मी स्वतः तिच्याकडे क्वचित जेवायचो. आमच्या हिचा डबा घरून येतो आणि तो परत नेण्याची माझी टाप नाही.

एक दिवस मी वाचत असताना ती म्हणाली, "थांबा. तुमचा अंगठा सरकतो, पण तोंड बंद असतं."

मी म्हटलं, "जाहिराती असतात मधे मधे."

"जाहिरात वाचा मग."

वाचावी लागली. खवट नारळाची ओळही वाचली. रस्त्याने एक टेम्पो गेला, त्याची धूळ तिने पदराने झटकली. मग म्हणाली, "खरं लिवलंय त्यानं. मला वास येत न्हाय भावजी."

"सर्दी झालीय?"

"तापापास्नं. कशाचाच न्हाय. त्या दिवशी दूध करपलं. भाऊ वाडीतनं ओरडत आले, आणि मी त्याच चुलीपुढं उभी, भाकरी थापत."

मासा डोळ्यांनी कळतो, ती सांगत होती. कल्ले बघायचे, बोटाने दाबायचं, त्याला नाक लागत नाही. पण फोडलेला नारळ बरा का खवट, मसाला भाजला का जळला, रश्शात मीठ पडलं का राहिलं, हे सगळं तिला नाकाने कळायचं. आता ती अंदाजाने टाकत होती. हाताला सवय होती म्हणून दहातले आठ दिवस निभत होतं.

"मग चाखा ना," मी म्हटलं. "जिभेला मीठ कळतं ना?"

"कळतं. खारट-आंबट कळतं." तिने पडवीकडे हात केला. "आन ते? दारात फोन घेऊन उभी असतात. न चाखता करते ते बघायलाच येतात माणसं. आन दारात कोण नसलं, तरी सासूबाई हायत. फोटो चुलीच्या वरच हाय."

तिचा पेच असा होता. अनोळखी माणसांनी तिला ज्या गोष्टीसाठी डोक्यावर घेतलं तीच गोष्ट तिच्यापाशी उरली नव्हती, आणि हे सांगितलं तर खानावळीपेक्षा मोठं काहीतरी जाणार होतं. तिची चूल हीच तिची पत. भाऊंनाही सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं. भाऊ लगेच म्हणतील, पुरे झालं, बंद कर.

अलिबागला डॉक्टरांकडे मी तिला नेलं. भाऊंना सांगितलं आधार कार्डाचं काम आहे. आधार कार्डाचं काम म्हटलं की आमच्याकडे कोणी जास्त चौकशी करत नाही, कितीही फेऱ्या झाल्या तरी पटतं. डॉक्टर म्हणाले, अशा तापानंतर होतं, काहींचा वास परत येतो, काहींचा नाही, वाट बघा. ती परत येताना गाडीत म्हणाली, "वाट बघायला काय मी रिकामी हाय? मला रोज रांधायचं हाय."

यावर उपाय तिनेच काढला. सकाळी कालवण उतरलं की वेगळ्या पळीने वाटीत काढायची आणि पदराखालून माझ्या दुकानात आणायची. मी चाखून मीठ, नारळ, मसाला सांगायचा. मी म्हटलं, हे उष्टं होत नाही का? म्हणाली, न्हाय, तुमी दिवसाचं पयलं गिऱ्हाईक. आधी पाहुणा जेवला तर पातेलं उष्टं होत न्हाय.

"मग तुम्हीच व्हा की पहिलं गिऱ्हाईक."

"माझ्या घरात मी पाहुणी कशी होणार?"

या कायद्यात मला फट सापडली नाही. त्यामुळे रोज सकाळी, अर्जाला फोटो चिकटवता चिकटवता, मी चोरून सुरमईचा रस्सा प्यायला लागलो. मला रक्तदाब. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलेलं. आमच्या हिला कळेना की डबा अर्धा परत का येतो. तिने माझ्या पोटाच्या तपासण्या करून घेतल्या. तपासण्यांत काही निघालं नाही तेव्हा ती जास्तच काळजीत पडली.

इकडे पडवीत खेळ चालूच होता. पाहुणे दारात उभे राहायचे, ती पातेल्यावर वाकायची, डोळे मिटून श्वास ओढायची, आणि सगळे मोबाइल वर व्हायचे. मग ती मान डोलवायची. मीठ बरोबर असायचं, कारण ते मी तासाभरापूर्वी सांगितलेलं असायचं. एवढं सोंग ती किती नीट करायची ते पाहून मला हसू यायचं, आणि लगेच वाईटही वाटायचं. कारण त्या क्षणाला ती खरंच वास शोधत असायची. परत आला का, हे रोज बघत असायची.

एकदा पायरीवर बसून तिने मला विचारलं, "भावजी, ह्या तुमच्या नेटनं माझं बरं केलं का वाईट?"

माझ्या काउंटरवर एक म्हातारी येते, तिचा मुलगा बोटीवर असतो, त्याचं तोंड रोज दिसतं म्हणून तिला दोन घास जास्त जातात. तिच्याच मागे रांगेत एक बाप्या उभा असतो, तो मोबाइलवर पत्ते खेळून बायकोच्या बांगड्या घालवून बसलाय. दोघांना रिचार्ज मीच मारतो. सुख वाढलं का कमी झालं हे असं एकत्र कसं सांगायचं, मला कळत नाही. तिला मी म्हटलं, "चहा घेता का?"

नाताळच्या सुट्टीत तो पोरगा परत आला. आता त्याच्याबरोबर एक मुलगी होती आणि मोबाइलच्या जागी मोठा कॅमेरा. पडवी भरलेली, रस्त्यावर गाड्यांची रांग. पोरगा मला म्हणाला, "काका, आज लाइव्ह करतोय. एकदम भारी आयडिया आहे." आयडिया काय ते कळेपर्यंत उशीर झाला होता. त्याने भाऊंना सांगून वहिनीला बिरड्याची एकाऐवजी दोन पातेली चढवायला लावली होती. मीठ घालायच्या आधी वहिनी कोळणीकडून मासे घ्यायला दारात गेली, तेवढ्यात त्याने एकात मीठ टाकलं, एकात टाकलं नाही, आणि दोन्ही पडवीत बाकावर मांडली.

"काकी, सिर्फ वास घेऊन सांगायचं हां. कौनसे में मीठ नाय? चाखायचं नाय, ते तर तुम्ही करतच नाय."

लोक हसले, टाळ्या झाल्या. मी दुकानातून उठून पडवीच्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काय माहीत असणार? ती पातेली माझ्याकडे आलीच नव्हती.

ती पहिल्यावर वाकली. मग दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. डावं नाहीतर उजवं, एवढंच सांगायचं होतं. बोट ठेवलं असतं आणि बरोबर आलं असतं तर पुढची दहा वर्षं कोणी विचारलं नसतं. चुकलं असतं तरी पोराने हसून सावरून घेतलं असतं. मी मनात म्हणत होतो, वहिनी, ठेवा बोट, कुठेही ठेवा.

तिने पळी उचलली, बिरड्याचा रस डाव्या तळहातावर घेतला आणि चाटला. दुसऱ्या पातेल्यातला घेतला, तोही चाटला.

"ह्यात न्हाय मीठ," ती म्हणाली.

पोरगा गोंधळला. "काकी, पण चाखायचं नव्हतं ना."

"मला वास येत न्हाय बाबा. पावसाळ्यापास्नं. म्हणून चाखलं."

पोराने कॅमेऱ्याकडे हात नेला, तशी ती म्हणाली, "राहू दे चालू. आता सांगितलं ते सांगितलं." मग तिने ती दोन्ही पातेली उचलून आत नेली. त्यातलं बिरडं तिने त्या दिवशी पाहुण्यांना वाढलं नाही. घरच्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. पाहुण्यांना दुसरं केलं, ते उशिरा झालं, आणि त्या उशिराबद्दल कोणीच कुरकुर केली नाही.

पाहुणे गेल्यावर भाऊ चुलीवरच्या पाण्याकडे बघत म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"मीठ जास्त व्हतंय ते. जास्त झालं की मी पाणी पितो."

"मग बोललात का न्हाय?"

"तू इचारलंस कुठं."

लोकांनी पुढे काय काय लिहिलं त्याने तिला जेवढा त्रास झाला नाही तेवढा या एका वाक्याने झाला. दोन दिवस ती भाऊंशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना कामाला लावलं. रोज फोडलेला नारळ भाऊंनी हुंगायचा आणि बरा का वाईट ते तोंडाने बोलायचं. मान हलवून चालणार नाही. अशा रीतीने भाऊंना बोलतं करण्यात आलं आणि माझी चाखण्याची नोकरी गेली. आमच्या हिला वाटलं औषध लागू पडलं.

लिहिणाऱ्यांचं म्हणाल तर चांगल्याबरोबर वाईटही पुष्कळ आलं. फसवलं, नाटक केलं, आधीचे सगळे व्हिडिओ खोटे. तिने मला दम दिला होता की एक ओळ सोडायची नाही, म्हणून मी सगळं वाचलं, अगदी शिव्यांसकट. शिव्या ऐकताना ती शेंगा सोलत होती. काही आठवडे गाड्या कमी झाल्या, मग हळूहळू येणारे येऊ लागले. आता ते दारात मोबाइल घेऊन उभे राहत नाहीत. बसतात आणि जेवतात.

सासूबाईंचा प्रश्नही तिने तिच्या पद्धतीने मिटवला. फोटोपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाली, "तुमचं नाक शाबूत होतं." आणि तेव्हापासून ती तळहातावर घेऊन चाखते. फक्त सणाच्या नैवेद्याला अजून चाखत नाही. मी म्हटलं, देवाला खारट गेलं तर? म्हणाली, "देव कुठं काय लिवत न्हाय."

त्या शेकडो ओळींत एक ओळ वेगळी होती. कोल्हापूरकडच्या एका बाईने लिहिलं होतं, "मलाही वास येत नाही. मी स्वयंपाक सोडला. तुम्ही कसा करता?"

ती म्हणाली, "परत वाचा."

कौतुक करणारे खूप होते, कीव करणारे होते, शिव्या देणारे होते. तुम्ही कसं करता, हे कोणीच विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. मीसुद्धा नाही. तिने मला उत्तर लिहायला लावलं. भाजलेलं रंगावर ओळखायचं, फोडणी आवाजावर, मीठ तळहातावर, नारळ नवऱ्याच्या नाकावर. लिहिता लिहिता माझा अंगठा दुखला. शेवटी मी बाईंचा नंबर मागवला आणि दोघींना जोडून दिलं.

तिथून माझी पायरी ओस पडली. सकाळी तिच्या खिडकीतून मला दिसायचं, मोबाइल फडताळाला टेकवलेला, त्यात एक बारीक चणीची बाई, आणि दोघींच्या गप्पा चाललेल्या. "आज आला का कशाचा?" "न्हाय. तुला?" "मला पण न्हाय." दोघींनाही वास येत नाही हे रोज एकमेकींना सांगून दोघींना बरं वाटायचं. मला आधी ते विचित्र वाटलं. मग वाटलं, माझ्या रक्तदाबाबद्दल असं कोणी रोज विचारलं असतं तर मलाही चाललं असतं.

त्या बाईचा स्वयंपाक सुटला नव्हता, तो काढून घेतला होता. एकदा भाजी जळली, सून चांगली मुलगी, म्हणाली आई तुम्ही बसा आता. आणि त्या बसल्या. फोनवरून कितीही सांगितलं तरी त्या उठेनात. गेल्या महिन्यात वहिनीने पाटी लावली, खानावळ बंद, आणि पनवेलवरून एसटी धरून ती थेट कोल्हापूरला गेली. लग्नानंतर ती पुण्याच्या पुढे कधी गेलेली मला आठवत नाही. भाऊंना म्हणाली, "तुमी करा आन तुमी खा. चाखा मात्र." भाऊंनी केलेलं मी एक दिवस खाल्लं. त्याबद्दल लिहीत नाही.

पडवी रिकामी बघवत नव्हती. मला तिची आठवण यायला लागली, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाने शेजारच्या वहिनीला असं सांगायला फोन करावा का, या विचारात दोन दिवस गेले. शेवटी लावला, व्हिडिओवरच लावला. तिने उचलला, "थांबा भावजी," म्हणाली आणि मोबाइल कुठेतरी उभा करून ठेवला. मला एक अनोळखी स्वयंपाकघर दिसत होतं. गॅसवर पातेलं, त्याच्यापुढे ती बारीक चणीची बाई, हातात पळी, आणि दारात सून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. वहिनी बाजूला होऊन भिंतीला टेकली होती. तिने मुद्दाम हात मागे बांधले होते, काहीही करायला पुढे होऊ नये म्हणून.

"घे तळहातावर," वहिनी म्हणाली. "भाजतंय, फुंकर घाल."

बाईने रस हातावर घेतला. सुनेकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि चाखला. पळी पातेल्यात ठेवली. मग सुनेकडे न बघताच म्हणाली, "कमी हाय. मिठाचा डबा आण गं."

सून डबा आणायला वळली. फोन चालू आहे हे तिघींपैकी कोणाच्या लक्षात नव्हतं, आणि मीही तो ठेवला नाही. माझ्या काउंटरवर झेरॉक्सला आलेला एक गृहस्थ कागद आपटत होता. मी त्याला म्हटलं, थांबा हो जरा, मीठ पडू दे.